बाबाचा बेल्ट अन् स्पोरन

एडिनबर्ग, रविवार

प्रिय आई,
तुह्या सुगतचा इतक्या दुरून जयभीम.

फोनवर तू रडते, म्हणून लिहून राहिलो. मी बरा आहो. दोन्ही टाइम जेवतो. थंडी आहे, पण हॉटेलवाल्यानं जाड कोट देला आहे.

तुले फोटो पाठवला होता ना, मी घागऱ्यासारखा किल्ट घालून हॉटेलच्या दारात उभा आहो तो? त्या किल्टच्या समोर चामड्याचा बटवा लटकते, त्याले स्पोरन म्हणतात. मागच्या हप्त्यात त्याचा पट्टा तुटला. दुकानात नवा भलताच महाग. मॅनेजर म्हणे, तुहं तू पाहून घे.

मंग बाबाचा बेल्ट काढला. मी इकडं निघालो तवा बडनेरा स्टेशनावर माह्या बॅगची चेन गेली होती, अन् बाबानं आपल्या कमरेचा बेल्ट सोडून बॅगीले आवळला होता. तोच. त्याले खोबरेल तेल लावलं अन् बटव्याच्या कड्यांतून ओवला. बाबानं खिळ्यानं पाडलेलं वाकडं भोक मले बराबर बसते. कापा लागला नाही.

बाबाच्या मातीले मले येता आलं नाही, त्याले आज एकवीस दिवस झाले. अजून रडू येत नाही. दार उघडतो, लोक थँक्यू म्हणतात, मी मान हालवतो.

तुहा गुडघा कसा आहे? ललिता मावशी सोबतीले येते का?

एक सांग. त्या दिवशी बाबा मले सोडून दर्यापूरले घरी आले, तवा पँट हातानं धरून आले होते काय?

तुहा,
सुगत