पाळीमागचं बसकं हॉटेल

मी, रेणू मधुकरराव सोनकुसरे, वय सदुसष्ट, व्यवसाय वास्तुरचना, राहणार मोहाडी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र राजीखुशीनं आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो माझ्या भावाला मोठ्यानं वाचून दाखवावा.

१. मोहाडीचं राहतं घर माझी भावजय रिता हिला, तिच्या एकटीच्या नावे द्यावं. आईच्या आजारपणात सगळी उठबस तिनंच केली. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनंच करावी.

२. सिहोऱ्याजवळची तलावाकाठची जमीन व हॉटेल. इथं मागचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर अटी कळणार नाहीत.

ही जागा माझा धाकटा भाऊ धर्मेंद्र, रिताचा नवरा आणि तुमसरचा धान्यव्यापारी, यानं घेतली होती. त्याला थेट पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, तीन मजली काचेची इमारत हवी होती. वजनानं पाळ खचते आणि काचेवर पाखरं आपटून मरतात. मी पाळीमागे, मोहाच्या झाडांखाली झाकून जाईल असा बसका नकाशा काढला. भिंती तिथल्या मुरमाच्या रंगाच्या, खोल्यांची जमीन खांबांवर उचललेली, पावसाचं पाणी खालून धानाच्या शेतांकडे निघून जाईल अशी. तलाव पाहायचा तर पाळीवर चालत जावं. धर्मेंद्र म्हणाला, "ताई, हे हाटेल हाय का गोठा? लोक गोठ्यात राहाले काहून येतीन?"

त्यानं दुसऱ्याकडून काम सुरू केलं. मी सख्ख्या भावाविरुद्ध तहसीलदाराकडे तक्रार दिली आणि काम थांबलं. त्यानंतर त्यानं माझ्याकडून राखी बांधून घेतली नाही. तक्रारीचा मला आजही पश्चात्ताप नाही. राखीचं मात्र लागून राहिलं.

शेवटी आमची आई शकुनबाई हट्टाला पेटली. "ज्याच्यापायी भांडून राहिले, ते मले दाखवा." मागावर विणण्यात जन्म गेलेला, आणि आता तिला दिसेनासं झालं होतं. आम्ही दोघं एकमेकांशी न बोलता, एकाच ऑटोत तिला घेऊन गेलो. पाळीवर टेकून ती धर्मेंद्रला म्हणाली, "मले तं दिसत नाही. तू सांग, काय काय हाय?"

"पाणी हाय," तो म्हणाला.

"अजून?"

मग तो कमळं सांगू लागला, पलीकडचं जंगल, पाण्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारं एक काळं पाखरू. आई "अजून?" म्हणत राहिली आणि तो सांगत राहिला. परतताना ऑटोत माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "ताई, तुहा तो गोठ्याचा नकाशा हाय का अजून?"

बांधकामाआधी त्यानं जमीन माझ्या नावे केली. "तुह्याच नावानं राहू दे, नाहीतर माहं मन फिरन."

आता जमीन व हॉटेल मी धर्मेंद्रला देत आहे. वर मजला चढवू नये. पाळीवर काहीही बांधू नये. पाण्याकडे दिवे लावू नयेत. मन फिरलंच, तर त्याच्या मुलीनं, स्वातीनं, त्याच्याविरुद्ध तक्रार द्यावी आणि संध्याकाळी जेवायला घरीच यावं.

३. नकाशांचं टेबल व सगळी हत्यारं स्वातीला. ती नागपूरला वास्तुरचना शिकते आहे. नवी जागा मिळाली की तिनं एक पावसाळा तिथं जाऊन बसावं, मग पेन्सिल उचलावी. तेवढ्यात गिऱ्हाईक निघून गेलं तर जाऊ द्यावं.

४. हॉटेलचा कंत्राटदार खेमराज यानं माझ्या पाठीमागे एका मोहाच्या बुंध्याभोवती सिमेंट ओतलं. झाड वाळलं. त्याला काही देऊ नये. तेरवीला मात्र बोलवावं. त्याला बुंदी आवडते.

५. हॉटेलच्या ओसरीच्या छतातून कुसुमाचं एक झाड वर गेलं आहे. ते कधी पडलं तर छताचं भोक बुजवू नये. तिथंच नवं रोप लावावं, आणि ते छतापर्यंत पोचेस्तोवर पाऊस आत येऊ द्यावा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) रेणू मधुकरराव सोनकुसरे

साक्षीदार:
(सही) अनुप हेडाऊ, शिक्षक, मोहाडी
(सही) ललिताबाई निमजे, विणकर, मोहाडी

ठिकाण: मोहाडी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४