बारा पूर्णांक चार

४ मार्च

बारा पूर्णांक चार! ताईचा आकडा बारा पूर्णांक चार!

तीनदा मोजला, तिन्ही वेळा तोच. निरोगी माणसांचे आकडे अकरा ते चौदा, विस्मरणाच्या रोग्यांचे सहाच्या आसपास. ताई निरोगी माणसांच्या मधोमध बसली आहे. घरी येऊन सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे मला रोग नाही, मी नुसतीच वेंधळी. हे तर आई मी पहिलीत असल्यापासून सांगायची!"

५ मार्च

काल आनंदाच्या भरात पद्धत लिहायची राहिली. ती क्रमाने लिहून ठेवतो.

मेंदूभोवती आणि मणक्यात एक नितळ द्रव खेळत असतो. मेंदूत जे घडतं त्याचा माग या द्रवात उतरतो, आणि कमरेत बारीक सुई घालून त्याचे थेंब काढता येतात. त्यात विकरं, म्हणजे एन्झाइम, असतात. विकर हा पेशीचा कारागीर. ठरावीक रेणू कापणं हे त्याचं काम. आम्ही कारागिरांची डोकी मोजत नाही, त्यांचं काम मोजतो. कापल्यावर चमकेल असा पदार्थ त्यांच्यापुढे ठेवायचा आणि मिनिटाला चमक किती वाढते ते पाहायचं. किती देखणी युक्ती आहे ही!

रोग्यांचे नमुने चार वर्षं उणे वीस अंशांवर गोठवून ठेवले. सगळे एकाच दिवशी, रसायनांच्या एकाच संचाने, म्हणजे किटने, मोजायचे होते. नाहीतर फरक रोगाचा की दिवसाचा, हे कळलं नसतं. निरोगी नमुने मात्र मिळेनात. धडधाकट माणूस कशाला पाठीत सुई टोचून घेईल? अखेर गेल्या महिन्यात गुडघ्याच्या शस्त्रक्रियांसाठी पाठीत भूल देताना वीस जणांचे थेंब मिळाले. हातात पडतील तसे मोजले. रोग्यांचे त्यांच्या निम्मे!

७ मार्च

ताईला दाखला मिळाला. शाळेची बस पुन्हा चालवायची परवानगी! स्मरणाच्या चाचण्या काठावरच्या होत्या. मेंदूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या बारावर विसंबून सही करतेय हं."

९ मार्च

ताई पहाटे साडेपाचला गणवेश घालून गेली. संध्याकाळी विचारलं, कशी झाली फेरी?

"सहा चाकं आहेत बसला. जातील कुठे?"

१६ मार्च

वॉर्डातून नवा नमुना. रोगी बायकोला नर्स समजतो. निदानात तिळमात्र शंका नाही. ताजाच मोजला.

बारा पूर्णांक एक.

संच बिघडला असेल. नवा संच फोडला. बारा पूर्णांक एक.

१७ मार्च

रोग्यांचे जुने आकडे नमुना घेतल्याच्या तारखेप्रमाणे मांडले. मागच्या वर्षीचे आठ. त्याआधीचे सात, सहा. चार वर्षांपूर्वीचे पाच. रोग सौम्य असो की तीव्र, जितके दिवस गोठवलेला तितका आकडा खाली.

सहायिका मागे उभी होती. "अगं बाई! सर, म्हणजे सगळ्यांना रोग फ्रीजरनेच लावलाय की!" हसली. मग माझं तोंड पाहून आपल्या टेबलाकडे गेली.

गोठलेलं विकर कुठे जात नाही, पण त्याची घडी विस्कटते. कारागीर हजर, हात मोडलेले. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीला मी हे फळ्यावर काढून दाखवलं आहे. प्रत्येक!

१८ मार्च

ताईचा आकडा काहीच सांगत नाही. ना रोग आहे म्हणून, ना नाही म्हणून. थेंब ताजे होते, इतकंच.

बसमध्ये बावीस मुलं असतात. आजच सांगायला हवं.

सांगितलं नाही. पुरावा पुरा हवा, अशी स्वतःची समजूत घातली आणि निरोगी माणसांच्या थेंबांतले गोठवून ठेवलेले उरलेसुरले बाहेर काढले. खरं कारण निराळं आहे. सकाळी जिन्यात ताई शेजारीणबाईंना सांगत होती, "माझा धाकटा भाऊ आहे ना, त्याला थेंबात माणसाचा मेंदू दिसतो. साधासुधा नाही तो!"

२० मार्च

निरोगी माणसांचे तेच थेंब महिनाभर गोठवल्यावर बारावरून दहावर. पुरावा पुरा झाला. चार वर्षं मी मेंदू मोजत नव्हतो, बर्फ मोजत होतो.

जेवताना ताईने विचारलं, "तुझा तो शोधनिबंध कधी छापून येणार रे?" मग पुन्हा विचारलं. मग पुन्हा. तिन्ही वेळा सारख्याच कौतुकाने.

२१ मार्च

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. "दाखला रद्द करते. पण चार दिवस थांबलात? बसमध्ये मुलं आहेत हो!"



शोधनिबंध मागे घेतल्याचं पत्र संपादकांना धाडलं. दाखला रद्द झाल्याचं पत्र खिशात आहे. उद्या रविवार, डेपो बंद. परवा सकाळी मीच नेऊन देणार. ताईला त्यानंतर सांगेन. कोणत्या शब्दांत, ते सुचत नाही. एरवी मला शब्दांची कधी वाण पडलेली नाही.

२३ मार्च

डेपोच्या व्यवस्थापकांनी पत्र वाचून परत माझ्या हातात दिलं. "अहो, त्यांनी नऊ तारखेलाच किल्ली जमा केली. पहिलं मूल चढायच्या आत, दुसऱ्याच चौकातून बस परत आणली. पुढचं वळण आठवेना म्हणाल्या. आणि बजावून गेल्या, 'माझ्या भावाला कळवू नका हं. त्याचा शोध आहे तो.'"

ताई आजही साडेपाचला गणवेश घालून निघाली होती.