दोन सुरांतलं ‘नाही’

४ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं ध्वनिमुद्रण ऐकून आधी हसलो, मग ते पुन्हा लावलं. पक्षाघाताचा झटका आल्यापासून बाबांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता, आणि आता ते ‘पाणी हवं’ चक्क दोन सुरांत गाऊन मागतात. बोलणं गेलं तरी गाणं शाबूत राहू शकतं, असं त्यांना बोलायला शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, हेही तू लिहिलंस.

माझं मात्र घोडं अडलंय. मी संगीत देतोय त्या सिनेमाचा शेवटचा प्रसंग असा: मुलगा बऱ्याच वर्षांनी घरी येतो, बापलेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसतात, कुणीच बोलत नाही. त्यासाठी केलेलं संगीत दिग्दर्शकबाईंनी पुन्हा पुन्हा परत पाठवलं. त्यांचं म्हणणं, ‘तू त्या दोघांच्या वतीने रडतोयस.’ महिनाअखेर जमलं नाही तर काम दुसऱ्या कुणाकडे जाईल. स्फूर्ती कुठून आणू, तूच सांग.

काल बाबांचे ते दोन सूर त्या प्रसंगावर वाजवून पाहिले. अंगावर काटा आला. ते वापरतोय. तुझी हरकत नसणार, हे धरून चाललोय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
धाकटा

९ मार्च
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते. हरकत आहे. तुला दोन सूर ऐकू आले. त्यांच्या आधी बाबा घामाघूम होतात, चिडून उशी भिरकावतात, ती मी उचलून आणते, हे तुला ऐकू आलं नाही.

पण सूर त्यांचे, तेव्हा त्यांनाच विचारलं. सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, मांडीवर बोटांनी ताल धरला आणि गायले, ‘नाऽही.’ हा शब्द त्यांना आजवर जमला नव्हता. बाईंनी टाळ्या वाजवल्या, माझ्या डोळ्यांना धार लागली. तुझा घास गेला आणि इथे आनंदीआनंद, त्याला माझा इलाज नाही.

स्फूर्तीचं मला काय कळतंय? बाबा रोज सकाळी त्या खुर्चीत येऊन बसतात, मन असो वा नसो. मला एवढंच दिसतं.

राग आला तर तोही पत्रानेच पाठव.
तुझी,
ताई

२३ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राग आला होता. दोन दिवस तोंड फुगवून बसलो. मग बाबांचे सूर पुसून टाकले आणि कामाला बसलो. रोज बसलो, रोज फेकलं.

शेवटी आवाज बंद करून नुसतं चित्र पाहत राहिलो. म्हातारा नट कपाकडे हात नेतो, हात मध्येच थांबतो, आणि मुलगा कप त्याच्याजवळ सरकवतो. इतके दिवस मी त्या हातावर संगीताच्या घागरी ओतत होतो. आता सगळी वाद्यं काढली. एकटा चेलो ठेवला. हात थांबेपर्यंत तोही गप्प असतो.

दिग्दर्शकबाईंनी ऐकलं, उठून बाहेर गेल्या. परत आल्या आणि म्हणाल्या, ‘आता याला हात लावू नकोस.’

सोबत पाठवतोय. बाबांना ऐकव आणि आधी सांग, यात त्यांचं काही घेतलेलं नाही.

तुझा,
धाकटा

२८ मार्च
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

ऐकवलं. संपल्यावर बाबांनी माझा हात धरला आणि न गाता, सरळ, तुझ्यामाझ्यासारखं बोलले. म्हणाले, ‘पुन्हा.’

आवडलं म्हणून पुन्हा ऐकव, की चुकलंय म्हणून पुन्हा कर, हे मला कळलं नाही. विचारलं तर नुसते हसतात. ते तू स्वतः येऊन विचार. खोली आवरून ठेवली आहे.

वाट पाहणारी,
ताई