वळच्या शेडीतल्या मशिनी प्रितमच्या हाती लागू नयेत म्हणून

मी पुतळाबाई, कै. नामा भोईर यांची मुलगी, वय सदुसष्ट, राहणार मौजे वळ, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, माझ्यामागे माझ्या मालमत्तेचं काय करायचं ते आज लिहून ठेवते. माझी शुद्ध शाबूत आहे, तसा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला एकजण आला होता, त्याच्या नडगीला टाके पडले. वकील विनिताताईंनी रागाचे शब्द काढायला सांगितले. काही काढले. जे राहिले ते समजूनउमजून ठेवले आहेत.

कलम १. माझा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारला, मूलबाळ नाही, मी माहेरी परत आले. बाप गेल्यावर थोरला भाऊ पंढरी याने माझ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं. आमच्याकडे बहिणीने त्यावर सही करायची, साडीचोळी घ्यायची आणि हसतमुखाने जेवून जायचं, अशी रीत आहे. मी सही केली नाही. पंढरीने मला अंगणात पाडून धोपाटण्याने मारलं. ज्या धोपाटण्याने मी त्याच्या घरादाराचे कपडे बडवत होते त्यानेच. त्याची बायको बायजाबाई हिने माझी वेणी मुठीत धरून ठेवली होती. पंढरी सही घ्यायला तोंडाजवळ वाकला तेव्हा मी त्याच्या कानाचा लचका तोडला. कानाची ती पाळी मी तिथेच थुंकून टाकली, त्यामुळे पंढरीला देण्यासारखं माझ्याकडे त्याचं काही शिल्लक नाही. या कलमाने पंढरीला काहीही मिळणार नाही.

कोर्टाने मला शेताच्या कडेची पट्टी दिली. आता तिच्या तिन्ही बाजूंना गोडाऊन आहेत आणि चौथ्या बाजूला बिल्डरची नजर आहे. मी मृत्युपत्र न करता मेले, तर बापाकडून आलेली जमीन कायद्याने बापाच्या वारसांकडे, म्हणजे पंढरीकडे परत जाते. हे पंढरीच्या मुलाला, प्रितमला, माझ्याआधी कळलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

कलम २. कपडे धुण्याच्या मशिनी. दुकानवाले जुन्या मशिनी बदलून नव्या देतात, त्या जुन्या आमच्या गावच्या भंगारात येतात. खुर्शीद भंगारवाल्याची माणसं त्या घणाने फोडतात. एकदा त्यांनी एक हिरवी, वरून झाकण उघडणारी, जाड पत्र्याची मशीन आडवी पाडली. झाकण उघडलं आणि आतला मधला उभा खांब मला दिसला. पुढे कळलं, त्याला अजिटेटर म्हणतात. त्याला पंखासारख्या पात्या होत्या, कुठेही चरा नव्हता. मी मध्ये जाऊन उभी राहिले. खुर्शीद ओरडला, "अम्मा, हटो! घन लगेगा!" मी म्हटलं, "मारना है तो पहले मेरे सर पे मार." त्याने मशीन दिली, ती मी माझ्या पट्टीवरच्या शेडीत आणली. आजवर मी ओरडायचं आणि त्याने द्यायचं, असंच चाललं आहे.

पट्टा बदलणं, बेअरिंगला ग्रीस भरणं, टाकीतला क्षार खरवडणं मी करत करत शिकले. मी जन्मभर तळ्यावर गुडघे फोडून कपडे धुतले. त्यामुळे मला मशीन कपडे धुताना बघायला आवडतं, याची लाज नाही. समोरून काच असलेल्या मशिनी मला आवडत नाहीत. दार एकदा लागलं की विसरलेला रुमाल आत टाकता येत नाही. वरून उघडणारी मशीन बघू देते. झाकण उघडं असतानाही ती चालावी म्हणून झाकणाच्या खटक्यात लाकडी पाचर घालावी, स्टूलवर बसावं, पाणी कसं घुसळतं ते बघावं. खांब डावीउजवीकडे हिसके देतो, पायजमे खाली जातात आणि वर येतात. बघताना मला खूप सुख होतं. पंढरीचा सदराही मी मनातल्या मनात कितीदा आत टाकला आहे.

कलम ३. बायजाबाई. संधिवाताने तिची बोटं वाकली तेव्हा ती एका दुपारी बोचकं घेऊन शेडीच्या दारात आली. "वन्सं, हात चालत न्हाय. चार कपरे टाकू दे." मी बाजूला झाले. पुढे ती रोज यायला लागली, घरी न सांगता. वेणीचा विषय तिने कधी काढला नाही, मीही काढला नाही. दोघी स्टूलवर बसून हिरवीच्या आत बघायचो. एक किल्ली मी तिला दिली होती.

मी माझी भाची माधवी हिच्याकडे अकलोलीला गरम कुंडात गुडघे शेकायला गेले होते. माधवी म्हणजे प्रितमची सख्खी बहीण. सकाळी परत आले तर शेडीचं दार उघडं आणि बायजाबाई हिरवीला चिकटलेली. दात आवळलेले, डोळे पांढरे, हाताचं कातडं जळल्याचा वास. मेन स्विच तिच्या पलीकडे होता. कोपऱ्यात धोपाटणं होतं, कोरडं. मी ते उचलून तिच्या मनगटावर सगळी ताकद लावून हाणलं. हाड मोडल्याचा आवाज आला आणि ती सुटून मागे पडली. मी तिला मारलं ते एवढ्यासाठीच, आणि ते मारताना मला आनंद झाला नाही, हे इथे नोंदवते.

मशिनीच्या मागे एक नवी वायर होती. चालू विजेची, थेट पत्र्याला जोडलेली. ती मी जोडली नव्हती. ती माझ्यासाठी होती.

दवाखान्यात बायजाबाईने पोलिसांना सांगितलं, "मशीन जुनी व्हती." अपघात म्हणून कागद बंद झाला. मग प्रितमने गावभर केलं, की आत्याच्या मशिनी माणसं मारतात. एके दिवशी पहार घेऊन आला. "आत्या, हक्कसोडवर सही कर, न्हायतर रोज एक फोडीन." त्याने माझ्यासमोर तीन फोडल्या. कुवेतहून आलेल्या मोठ्या मशिनीचं, माझ्या दांडगीचं, झाकण त्याने वाकवलं तेव्हा मी मोठा पाना त्याच्या नडगीवर मारला. त्याने माझे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. सही झाली नाही.

बायजाबाईला मी या मृत्युपत्राने काही देत नाही. तिचा जीव तिला परत दिला, तेवढा पुरे.

कलम ४. जमिनीची पट्टी, शेड, वाचलेल्या सर्व मशिनी, पाने, बेअरिंग ओढून काढायचा पुलर, ग्रीसचा डबा आणि बँकेतली शिल्लक मी माधवीला देते. एक अट आहे. बापाच्या जमिनीवर हक्कसोड कर म्हणून पंढरी आणि प्रितम तिच्याही मागे लागले आहेत. माधवी, तू ती सही केलीस, तर माझी जागा गावातल्या बायकांच्या बचत गटाला जाईल. तुझ्यावर माझा जीव आहे, म्हणूनच ही अट आहे. तुला मारतील. मला शिकवता आलं तेवढं शिकवलंय. दार आतून लावायचं आणि पाना हाताशी ठेवायचा.

कलम ५. प्रितमला मी ती वायर देते. विनिताताई म्हणतात, ती पुरावा आहे, जपून ठेवा. म्हणून पोलिसांचं आणि कोर्टाचं काम झाल्यावर ती त्याच्या हातात द्यावी. त्याशिवाय त्याला माझं काहीही नाही.

कलम ६. माझ्या मढ्याला प्रितमने खांदा देऊ नये. पंढरी आलाच तर लांब उभा राहावा. अग्नी माधवी देईल. मला नेसवायचं लुगडं दांडगीत धुवावं, तिचं झाकण मी ठोकून सरळ केलं आहे. शेवटच्या पिळ्याला ती जरा नाचते, घाबरू नये.

वर लिहिलेलं मी वाचलं, मला समजलं आणि मान्य आहे.

ठिकाण: भिवंडी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५
(सही) पुतळाबाई नामा भोईर

साक्षीदार १: (सही) खुर्शीद, भंगार व्यापारी, वळ

साक्षीदार २: या जागी दुसऱ्याचं नाव लिहिलेलं होतं, ते खोडलं आहे. सही चालू असताना बायजाबाई पंढरी भोईर, राहणार वळ, एकट्या रिक्षाने आल्या आणि साक्षीदार मीच होणार म्हणून बसल्या. त्यांचा अंगठा भाजलेला असल्याने ठसा उठला नाही, म्हणून फुली घेतली आहे. फुली करण्याआधी त्यांनी सांगितलं ते, त्यांच्याच आग्रहाने, वकील विनिता यांनी आहे तसं लिहून घेतलं:

"मशीनची चूक न्हाय. मी पोलिसांना खोटा सांगला. आदल्या सांजला मी माझे पोऱ्याला, प्रितमला, माझेच किल्लीनं शेडीत शिरलेला बगला, वायर जोडत व्हता. मना वाटला, आत्याची मशीन दुरुस्त करतंय. मना वाटला, पोऱ्या सुदारला. म्हनून सकाली खुशीत जाऊन हात लावला."

(फुली) बायजाबाई