आभारात टाकलेले नाव

सन १९८६ च्या श्रावणात आमच्या घरी टपालाने आले ते असे: छापील लेखाच्या सुट्या प्रतींचे एक पुडके, व्ही.पी. सोडवायला चौसष्ट रुपये. त्या आनंदात आणलेले अर्धा किलो पेढे, एकोणीस रुपये. देवापुढे नारळ, चार रुपये. या पुडक्यामुळेच हे मृत्युपत्र करावे लागत आहे, म्हणून त्याची नोंद आधी.

मी सुगंधा काशीराम नाटेकर, वय त्रेसष्ट, शिक्षण मॅट्रिक, घरकाम, राहणार मुलुंड पूर्व, श्रीदेव रवळनाथाला स्मरून लिहिते. माझे दुखणे हृदयाचे आहे, डोक्याचे नाही. डॉ. गमरे यांनी तसे तपासून लिहून दिले आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट मुलगी सुलक्षणा "आई, नको गं, दादा आहे तो" म्हणून रडते आहे. तिचे ऐकलेले नाही.

१. राहते घर. सोसायटीतील या दोन खोल्या ह्यांनी गिरणीचा फंड मिळाला तेव्हा माझ्या नावावर घेतल्या. त्या माझ्या मागे संपूर्णपणे सुलक्षणाच्या. मुलगा जयवंत याला यात वाटा नाही. तो अंधेरीला कॉलेजच्या क्वार्टर्समध्ये सुखात आहे, म्हणून नाही, असे कोणी समजू नये. कारण पुढे येईल. आणि त्याने आपली चूक सुधारली तरी हे कलम बदलणार नाही. खरे छापायला बक्षीस कशाला?

२. भिंग, म्हणजे सूक्ष्मदर्शक, त्याची पेटी, काचेच्या बरण्या. हे सर्व सुलक्षणाचेच आहे, वाटणीत धरू नये. या बरण्यांविषयी थोडे लिहिते. मनोरीच्या खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, कोणत्या महिन्यांत अंडी धरतात, यावर सुलक्षणाचा पीएच.डी.चा अभ्यास. तीन वर्षे ओहोटी बघून ती मार्व्याहून होडीने जायची आणि गुडघाभर चिखलातून तिसऱ्या आणायची. आमच्याकडे श्रावणात मासळीचे नाव कोणी काढत नाही. पण अभ्यासाला खंड नको म्हणून श्रावणातही मी माझ्या ओट्यावर तिसऱ्यांची बरणी ठेवू दिली. वर स्वच्छ फडके झाकायचे आणि देवाची क्षमा मागायची. शेजारच्या वनमालाबाई म्हणायच्या, "सुगंधाताई, तुमच्याकडे सोवळं-ओवळं राहिलं की नाही?" मी म्हणायची, "खाण्यासाठी नाहीत हो त्या, शिकण्यासाठी आहेत."

३. जयवंतविषयी. हा कॉलेजात प्राध्यापक आणि तिथून निघणाऱ्या सहामाही संशोधन पत्रिकेचा संपादक. सुलक्षणाने आपला पहिला लेख टाइप करून मोठ्या भावाच्या हाती दिला. वर्षभर तो "परीक्षकांकडे गेलाय, घाई करू नकोस" म्हणत राहिला. मग श्रावणात ते पुडके आले. छापखान्याने लेखावरच्या पत्त्यावर पाठवले आणि पत्ता आमचा होता.

पोरीचे नाव छापून आले या आनंदात मी ते न वाचताच देवापुढे ठेवले. वरच्या प्रतीला हळदकुंकू वाहिले, आणि खालच्या प्रती पेढ्याबरोबर जिन्यात वाटल्या. वनमालाबाईंनी दारातच पान उघडले.

"अहो, यात सुलक्षणाचं नाव कुठंय? इथे तर जयवंतचं आहे."

मला वाटले, चष्मा विसरल्या असतील. मी माझा लावला. लेखक म्हणून एकट्या जयवंतचे नाव. खाली पत्ता मात्र मुलुंडचा. लेखाच्या शेवटी आभार: नमुने गोळा करण्यात कु. सुलक्षणा नाटेकर यांचे सहकार्य झाले. वाटलेल्या प्रती मी घरोघर जाऊन परत मागून आणल्या. पेढे परत मागता येत नाहीत.

जयवंत रविवारी आला तेव्हा विचारले. तो हसला.

"आई, या क्षेत्रात असंच चालतं. वरिष्ठाचं नाव लागतं. तिच्या एकटीच्या नावाने कोणी वाचलंसुद्धा नसतं."

"तू मनोरीच्या चिखलात कितीदा उतरलास रे?"

"आभारात आहे ना तिचं नाव!"

"लेख तपासला कोणी?"

"मीच संपादक आहे, आई. माझा लेख कोण तपासणार?"

आमच्या भजनी मंडळाचा जमाखर्च मी लिहिते, पण तपासते दुसरी बाई. मी चोर आहे म्हणून नव्हे, तशी रीत आहे म्हणून. टाळ-झांजांना जी रीत लागते, ती विज्ञानाला लागत नाही, हे मला मॅट्रिकपर्यंत कोणी शिकवले नव्हते.

यात नुसता मानाचा प्रश्न असता तर मी अपमान गिळला असता. पण सुलक्षणाच्या मार्गदर्शक बाईंनी सांगितले, "ही माहिती आता तुझ्या भावाच्या नावावर आहे. तू प्रबंधात घातलीस तर तूच उतरवलीस असं ठरेल." पत्रिकेत दुरुस्ती छापून आली, लेखिका सुलक्षणा असे स्पष्ट लिहिले, तरच त्या प्रबंध पुढे पाठवतील. मुदत येत्या मार्चपर्यंत. त्यानंतर नावनोंदणी रद्द. जयवंतला तिने हे सांगितले. तो म्हणाला, "दुरुस्ती छापली तर माझं संपादकपद जाईल. तू लग्न कर ना, काय करायची पीएच.डी.?" तेव्हापासून तो माझ्या उंबऱ्याच्या आत आलेला नाही आणि मी बोलावलेले नाही.

४. पोस्टातील बचत सुलक्षणाला. प्रबंधाची फी, टायपिंग, बांधणी यांवरच खर्चावी. साड्या घेऊ नयेत. तिला साड्यांतले कळतही नाही.

५. माझी मोहनमाळ सून कमल हिला. तिच्याशी माझे भांडण नाही. लेख तिने लिहिलेला नाही, तसा तिच्या नवऱ्यानेही लिहिलेला नाही.

६. जयवंतला: वरील पुडके, सर्व प्रतींसह. एकही रद्दीत घातलेली नाही. हळदकुंकवाची प्रत वर ठेवली आहे. त्याचे नाव आहे, त्याने सांभाळावे.

७. वनमालाबाईंना पुरणयंत्र द्यायचे मनात होते. साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील म्हणाले, म्हणून ते कालच हातात दिले.

८. अंत्यविधी. वकिलांनी सांगितले की याला कायद्यात किंमत नाही. असू दे. पत्रिकेच्या येत्या अंकात दुरुस्ती छापून आली असेल तर जयवंतने मला अग्नी द्यावा, पिंडही त्यानेच द्यावेत. आली नसेल तर अग्नी सुलक्षणाने द्यावा आणि जयवंतने मडके धरायला पुढे येऊ नये. लोकांत उभे राहावे. गुरुजी म्हणाले, "वहिनी, मुलगा असताना मुलीने? गती कशी मिळायची?" त्यांना सांगितले, कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचे असा विधी माझ्यावर नको. गती न मिळाली तर मी बघून घेईन. जन्मभर उपासतापास केले ते मुलाच्या हातच्या अग्नीसाठीच, हे मात्र खरे आहे. ते खोटे लिहीत नाही.

अंमलबजावणी माझे बंधू धोंडिराम यांनी करावी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करते.

मुलुंड, ता. १४ नोव्हेंबर १९८६

सही: सुगंधा काशीराम नाटेकर

साक्षीदार:
१. वनमाला अनंत कोठारकर, शेजारी
२. डॉ. कुंडलिक गमरे, मुलुंड पूर्व

ता. क. जयवंत, ही नक्कल तुला रजिस्टरने पाठवत आहे. डॉक्टर मला फार पुढचे औषध लिहून देत नाहीत. तुझा अंक केव्हा निघतो आणि त्यात काय छापणार, ते उलट टपाली कळव. गुरुजींना एक नाव सांगून ठेवायचे आहे.