केबलपुरतं उघडं दार

९ जानेवारी, शुक्रवार
दुपारी पावणेतीनला लाइट गेले. वारा सकाळपासून पिसाळलेला. पाठोपाठ पेलेट स्टोव्हही मेला. लाकडाच्या भुश्शाच्या त्या गोळ्या आत ढकलणारा स्क्रू विजेवर, धूर बाहेर फेकणारा पंखाही विजेवर. आतल्या गोळ्या धुमसत राहिल्या आणि सगळा धूर बैठकीच्या खोलीत. खोकून खोकून पुरेवाट. शुभा म्हणाली, "विजेवर चालणारी शेकोटी! हाउन्सलोला निदान रेडिएटर होते." तिला लंडन सोडून इथं उत्तरेला, नॉर्थम्बरलंडला, घर घेणं पहिल्यापासून नको होतं. बायकोचं म्हणणं असं डोळ्यांत पाणी येऊन पटावं, म्हणजे फारच झालं.

पण जनरेटर आहे! नोव्हेंबरात घेतला तेव्हा हिनं नाक मुरडलं होतं. आज पहिल्यांदा खोक्यातून काढला. शेडपाशी, घरापासून चांगला लांब ठेवला, केबल मागच्या दारानं आत घेतली. स्टोव्ह पेटताना वीज फार खेचतो. जनरेटर कण्हला, पण टिकला. दहा मिनिटांत ज्वाळा. आई खुर्ची ओढून पुढे सरकली. "आहे बाई माझा मुलगा इंजिनीयर!" (सॉफ्टवेअरचा. पण चालतंय.)

आई ७९. ऑक्टोबरपासून आमच्याकडे, मार्चअखेर परत पुण्याला, दादाकडे. दादा नको म्हणत होता, थंडी सोसायची नाही तिला. मीच हट्टानं आणलं.

१० जाने., शनि.
लाइट नाहीत. सोमवारपर्यंत येतील असा मेसेज. बाहेर उणे तीन.
पेट्रोल भरायचं म्हणजे सोहळा. आधी स्टोव्ह बंद करायचा, पंखा अर्धा तास फिरून तो निवू द्यायचा, मग जनरेटर बंद, मग पेट्रोल, मग सगळं पहिल्यापासून. मधेच वीज तोडली की कालच्यासारखा धूर. तेवढ्या वेळात आई गारठते. हात बर्फ.

शेजारचा ॲलन आला. मेंढ्या पाळतो, सत्तरीचा, एकटा. आईला माझ्याकडे आणून बसव म्हणाला, कोळशाची शेगडी पेटलेली आहे. मी म्हटलं, "वी आर फाइन, थँक्स." वर त्याला नेऊन जनरेटर दाखवला.

तो गेला आणि गारांचा मारा सुरू झाला. जनरेटर भिजून बंद. उचलून स्वयंपाकघरामागच्या पडवीत आणला. तिन्ही बाजूंनी बंद, कोरडी ठणठणीत. स्वयंपाकघराचं दार केबलपुरतं उघडं, फटीत टॉवेल कोंबला. आता पेट्रोल भरायला भिजायला नको. खूश आहे स्वतःवर.

११ जाने., रवि.
आईचं डोकं दुखतंय सकाळपासून. मळमळ, दोनदा उलटी. "पित्त झालंय रे. धड झोप नाही, खाण्याच्या वेळा नाहीत." चाळीस वर्षं पित्ताचा त्रास आहे तिला, तिला कळतं. शुभानं सुंठ-साखर दिली, मग मोरावळा. शुभाचंही डोकं जड. माझंही ठणकतंय. मी म्हटलं, "घरात पित्ताची साथ आलेली दिसतेय." हसलो तिघंही.

अंडी आणायला ॲलनकडे गेलो तर डोकं दुखायचं एकदम थांबलं. परत आल्यावर तासाभरात पुन्हा तेच. पेट्रोलच्या वासानं असेल.

आईची खोली स्वयंपाकघराला लागून, सगळ्यात उबदार. तिनं खिडकी किलकिली केली होती, ती मी लावून घेतली. आज रात्रभर स्टोव्ह चालू ठेवतो. आजारी माणसाला गारठ्यात कसं ठेवणार?

१२ जाने., सोम. हॉस्पिटल
आई सकाळी उठेना. हाका मारल्या, हलवलं. डोळे अर्धवट उघडे, तोंडून नुसता घोगरा आवाज. शुभानं ९९९ लावला. ॲम्ब्युलन्सची मुलगी स्वयंपाकघरात पाऊल टाकते तोच तिच्या कमरेचं यंत्र किंचाळायला लागलं. "एव्हरीबडी आउट. नाउ!" आईला पांघरुणासकट उचलून अंगणात आणलं.

जनरेटर कुठे आहे, तिनं विचारलं. मी म्हटलं, "आउटसाइड."
शुभा म्हणाली, "नो. पडवीत आहे, बॅक पोर्चमध्ये. ही मूव्ह्ड इट ऑन सॅटर्डे. दार उघडं आहे."

कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही. आम्हा दोघांनाही ऑक्सिजनचे मास्क लावले. शुभा बोलली नसती तर मी खरं सांगितलं असतं का? सांगितलं असतं असं लिहायला हात धजत नाही.

१४ जाने., बुध.
आई शुद्धीवर! डॉक्टरीणबाईंनी नाव विचारलं, सांगितलं. महिना कोणता? आई म्हणाली, "पौष." डॉक्टरीणबाई काहीतरी लिहायला लागल्या, मी घाईघाईनं म्हटलं, "शी इज राइट, शी इज ॲब्सोल्यूटली राइट." समजावून सांगता सांगता रडू फुटलं, सगळ्या वॉर्डासमोर.

बाहेर नेऊन त्या म्हणाल्या, आत्ता बरं दिसतंय. पण कधी कधी दोन ते सहा आठवड्यांनी पुन्हा उलटतं. स्मरण, चालणं. होईलच असं नाही. लक्ष ठेवा.

आज संक्रांत. दादाचा फोन. आई कुठाय? सांगितलं, छातीत कफ झालाय, खबरदारी म्हणून ॲडमिट केलंय. तो म्हणाला, "तरी म्हणत होतो, थंडी." मी हो हो केलं. थंडीवर ढकलून मोकळा.

१६ जाने., शुक्र.
आईचे कपडे न्यायला घरी आलो. लाइट आलेले. ड्रॉवरमध्ये दोन अलार्म सापडले. दिवाळीत चकल्यांच्या तेलाचा धूर झाला तेव्हा धुराचा अलार्म कोकलायला लागला, म्हणून मी तो काढला. शेजारी स्टोव्हबरोबर आलेला दुसरा, कार्बन मोनॉक्साइडचा, होता, तसाच पांढरा, तसाच गोल. कशाला पुन्हा कटकट, म्हणून तोही काढला. नंतर लावू म्हटलं होतं.

पंधरा मिनिटं तो हातात धरून उभा होतो. मी केलं हे. थंडीनं नाही, पित्तानं नाही.

२० जाने., मंगळ.
आई घरी. अशक्त, पण कुरकुर चालू, म्हणजे ठीक. हॉस्पिटलचं पॉरिज म्हणजे खळ, म्हणाली. मला उगाच आशा वाटायला लागलीय.
शुभा माझ्याशी कामापुरतं बोलते. "चहा घे." "कचऱ्याचे बिन्स बाहेर काढ." दोन्ही अलार्म तिनं स्वतः स्टुलावर चढून लावले.

२९ जाने., गुरु.
आमटीत दोनदा मीठ. तसं ते कुणाच्याही हातून होतं. पण काल आंघोळीला जाते म्हणून गेली आणि पॅसेजमध्येच उभी राहिली. पावलं आखूड पडतात, फरशी ओली असल्यासारखी. आधीही अशीच चालायची का? आठवत नाही. शुभाला विचारलं तर म्हणाली, "नाही." एवढंच.
हॉस्पिटलला फोन केला. येत्या मंगळवारी नाही, त्याच्या पुढच्या, दहा तारखेला दाखवायला बोलावलंय. आधी काही वाटलं तर लगेच या.

३ फेब्रु., मंगळ.
दादाचा व्हिडिओ कॉल. आई छान बोलली, वहिनीच्या गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाली, "मी कालच आलेय रे इथे, अजून बॅगसुद्धा उघडली नाही." दादाचा चेहरा बदलला. "काय झालंय नक्की?" मी म्हटलं नेटवर्क जातंय, आणि कॉल कापला.
शुभा दारात उभी होती. "रविवारपर्यंत तू सांग. नाहीतर मी सांगते. त्यांचीही आई आहे ती."

५ फेब्रु., गुरु. ॲलनकडे
चारला पुन्हा लाइट गेले. स्टोव्ह थांबला. मी नि शुभा एकमेकांकडे बघत बसलो, कुणीच हलेना. आई शाल गुंडाळून आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला.
"अरे, ते जनरेटर का काय घेतलंयस ना? खोक्यातच पडलंय. लाव की आज. बघू दे तरी मला, कसं चालतं."
शुभा उठून आत गेली.

मी आईच्या पायांत बूट घातले. खाली वाकलो होतो म्हणून बरं, तिला माझा चेहरा दिसला नाही. ॲलनच्या दारात जाऊन म्हटलं, "आज आणलंय तिला." त्यानं काही न विचारता शेगडीजवळची खुर्ची मोकळी केली. आता आई त्याला मेंढ्या किती ते विचारतेय. तिसऱ्यांदा. तो तिसऱ्यांदा सांगतोय, तितक्याच शांतपणे.

दादाला फोन लावला. रिंग गेली, उचलला नाही. पुण्यात साडेदहा, झोपला असेल. फोन ठेवला तर मेसेज आला.
"मिस्ड कॉल दिसला. आई बरी आहे ना रे?"
वीस मिनिटं झाली. दोनदा लिहून खोडलं.