बासष्ट शिपायांचे हात

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. सगळे म्हणजे दोघंच. आठ महिने तू उंबरठा ओलांडला नाहीस, म्हणून मीच कागदावरून येतेय. तुला बारक्या म्हणायची सवय काही जात नाही बघ. चौथीत असताना पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला बसलास, काडीसारखा होतास, आणि तिसऱ्यांदा वाढून घेतलंस. मी मनात म्हटलं, हे पोरगं खातं ते जातं तरी कुठे. आता तुझ्या कानांवर केस पिकले, मधे पोटही सुटलं होतं जरासं, तरी माझ्यासाठी तू तोच.

आमच्या चिरंजीवांचं सांगायचं तर ऑफिसातून येतो, जेवतो, दार लावून घेतो. काही विचारलं तर 'हं'. दुसऱ्यांदा विचारलं तर तेही नाही. रविवारी तुम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचे डोंगर आणि पडके किल्ले मांडून बसायचात, मला ताट घेऊन खाली जमिनीवर बसावं लागायचं. मी कुरकुरायचे, चाळिशी आली तरी लढाया संपेनात तुमच्या. तू म्हणायचास, 'काकू, तह करायला आलोय, आधी चहा द्या.' आता टेबल मोकळं असतं. मी ते रोज पुसते, पुसण्यासारखं काही नसतं.

त्या दिवशी तुमच्यात काय झालं ते मला ठाऊक आहे. मी स्वयंपाकघरात होते आणि दार उघडं होतं. तुमच्या त्या लढाईच्या खेळाची स्पर्धा चार दिवसांवर आलेली, त्याने बोटाएवढ्या शिपायांची पेटी उघडली, आणि एकाचाही हात निघेना. आदला आठवडाभर पेटी रंगवायला तुझ्याकडे होती. त्यात तू कधीतरी थट्टेत म्हणाला होतास की एक दिवस सगळ्यांचे हात चिकटवूनच टाकतो, कटकट मिटेल. नको ते नेमकं त्याला आठवलं. तो म्हणाला, गेल्या वर्षी तू हरलास, आता मी जिंकलेलं तुला बघवत नाही. तीस वर्षांत मी तुम्हाला गुद्दागुद्दी करताना बघितलंय, पण असं वाक्य ऐकलं नव्हतं. तू एवढंच म्हणालास, 'मी? मी करीन असं?' मग ब्रश धुतलास, पुसलास, खिशात घातलास. जाताना आत बघून रोजच्यासारखं 'येतो काकू' म्हणालास. मीही रोजच्यासारखं 'ये' म्हटलं.

ते हात मी चिकटवले होते, बारक्या.

पेटी तू शुक्रवारी आणून दिलीस. शनिवारी तो कामावर गेल्यावर मी त्याच्या खोलीतलं कपाट आवरायला काढलं आणि पेटी माझ्या हातून निसटली. फरशीवर शिपाई एकीकडे, हात दुसरीकडे. बासष्ट शिपाई आणि एकशे चोपन्न हात. मी गुडघ्यांवर बसून मोजले. एकाला दोनाहून जास्त हात कसे, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला वाटलं, जास्तीचे असतील, बटणासारखे. तुम्ही दोघं खांद्याला बारीक भोक पाडून मिरीच्या दाण्याहून लहान चकती आत बसवायचात, टोकाला तसलीच चकती असलेली काडी लावून सुलटी का उलटी बघायचात, हे मी शंभरदा पाहिलंय. मला वाटायचं मजबुतीसाठी असेल, खिळ्यासारखं. विचारलं कधी नाही. ते लोहचुंबक असतात आणि तलवार काढून भाला देता यावा म्हणून असतात, हे मला तुमच्या भांडणात कळलं. हात निघावेत म्हणून कुणी एवढी मेहनत घेईल, हे माझ्या डोक्यात यायचं कसं? माझा जन्म निघालेलं जोडण्यात गेला. कपांचे कान, चपलांचे तळवे, पिशव्यांचे बंद.

घरात चपलांसाठी आणलेला झटपट गोंद होता. तो घेऊन बसले, तोंडाने नाम चालू. आणि तुला सांगते, हात खांद्याजवळ नेला की तो माझ्या बोटांतून सुटून आपला आपण जागेवर जाऊन बसे. एकदा नाही, दरवेळी. माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, म्हातारीची तारांबळ बघून देवच हातभार लावतोय. काही हात मात्र तोंड फिरवायचे, जवळ येईनात. ते मी दाबून धरून बसवले. संध्याकाळी पेटी बंद करताना मी इतकी समाधानी होते की देवापुढे दोन निरांजनं लावली.

मग त्या दिवशी का नाही बोललीस, असं तू म्हणशील. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्या रंगाच्या बाटल्या वाळल्या समजून टाकून दिल्या होत्या. तेव्हा त्याने मला देवापुढे उभं करून वचन घेतलं की त्याच्या खोलीतल्या वस्तूला हात लावणार नाही. आईला ओळखून आहे तो. ते वचन मोडलं होतं. पळी हातात तशीच धरून मी म्हटलं, राग निवला की सांगू. मग म्हटलं, तू फोन करशील तेव्हा सांगू. तू केला नाहीस, त्याने तर नाहीच. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर नुसता मूर्खपणा होता. आठवड्याने त्याचा लपवाछपवीचा गुन्हा झाला, आणि पुढे तर मला मोजता येईना. देवाला सगळं सांगून झालंय. उपासही केले. पण देव काही निरोप्या नाही.

नखांचा रंग काढायचं पाणी लावलं की गोंद सुटतो, असं शेजारची मुलगी म्हणाली. तिच्याकडून बोटभर मागून आणलं. एका शिपायाला लावलं. गोंद सुटला नाही, त्याचा चेहरा मात्र वितळला. तो चिरंजीवांनी रंगवलेला होता. डाव्या भुवईत खाच होती, तुझ्या आहे तशी. तुम्ही एकमेकांचे चेहरे रंगवून ठेवले होतेत, हे मला तेव्हा उरलेले भिंगातून बघताना दिसलं. बाकीच्यांना मी हात लावला नाही.

परवा शिंपीणबाई भेटल्या. म्हणाल्या, तुमचा बारक्या सामान बांधतोय, शनिवारी बायको-मुलीला घेऊन कायमचा दुसऱ्या गावी चाललाय. तुमचा, असंच म्हणाल्या. म्हणून लिहायला बसले. तू माफ करावंस म्हणून नव्हे, आणि त्याने तुला जे म्हटलं ते माझ्या कबुलीने पुसलं जाईल असंही नाही. ते त्याचं त्याने म्हटलंय. फक्त, आपल्यावर तो आळ का आला हे न कळता तू गाव सोडू नयेस. त्याला तोंडाने सांगायचा आज तीनदा प्रयत्न केला. वेगळं पत्र लिहायला घेतलं तर 'प्रिय'च्या पुढे पेन सरकेना. शेवटी तुझ्याच पत्राची नक्कल केली, इथपर्यंतची, आणि त्याच्या दाराखालून आत सारली. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कागद उचलल्याचाही आला. त्याला बराच वेळ झाला. मी तुमच्या टेबलापाशी बसून त्याचं दार उघडायची वाट बघतेय.

तुझीच,
काकू